कांचनचा आवाज

"बाई, मला माझा आवाज शिकवा."

दार उघडल्या उघडल्या कांचन हे म्हणाली. नमस्कार नाही, कशा आहात नाही. मी दार उघडलं होतं ते जिन्यातल्या मांजराला हाकलायला, त्यामुळे माझ्या हातात केरसुणी, आणि समोर एके काळी घरोघरच्या कॅलेंडरांवर झळकलेला चेहरा. दुपारचे तीन वाजले होते. आत आमचे हे घोरत होते.

मी तिला आत घेतलं, पाणी दिलं. तिने पिशवीतून एक पुडी काढून माझ्यापुढे ठेवली. गडहिंग्लजहून आईने पाठवलेल्या संकेश्वरी मिरच्या. आठ वर्षांत आमची गाठ पडली नव्हती. तशी मी तिचं तोंड तिच्या आईपेक्षा जास्त पाहिलेलं होतं आणि तिने माझं जेमतेम दोनदा. हे कसं, ते आधी सांगायला हवं.

मी प्रमिला राजे. नाव ऐकून तुम्हाला काही आठवणार नाही. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, मीही आता घेत नाही. ठाण्यात राहायची, आकाशवाणीवर नभोनाट्यं करायची आणि सिनेमावाल्यांना गरज लागली की डबिंग. त्या काळी डबिंग म्हणजे पडद्यावर फिल्मचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा फिरायचा, आणि समोरच्या बाईच्या ओठांवर नजर खिळवून आपण माईकमध्ये बोलायचं. ओठ तिचे, शब्द लेखकाचे, श्वास आपला. 'चाफेवाडी' नावाच्या चित्रपटाची नायिका कांचन चौगले होती, आणि तिचा आवाज मी होते.

कांचन तेव्हा एकोणीस वर्षांची. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये दिग्दर्शकाने तिला हेरली आणि उचलून आणली. चेहरा असा, की बघणारा हातातलं काम विसरायचा. बोलणं मात्र सगळं तिकडचं, आणि आवाज भरडा, जाड, खालच्या पट्टीतला. डबिंगला तिला दोन दिवस बोलावलं, तिसऱ्या दिवशी सांगितलं, झालं तुझं काम, जा आता आईकडे. चौथ्या दिवशी मला बोलावलं. तिला कुणी काही सांगितलं नाही. प्रीमियरला ती आईला शेजारी घेऊन बसली, पडद्यावर तिने तोंड उघडलं आणि त्यातून मी बाहेर पडले. आईने विचारलं म्हणे, "ही कोण बोलतीया?"

चित्रपट धो धो चालला. त्यातलं एक वाक्य लोकांच्या तोंडी बसलं होतं, "माझ्या उंबऱ्यात पाऊल टाकायचं असेल तर आधी माझं नाव घ्या." कांचन जाईल तिथे लोक म्हणायचे, तेवढं म्हणून दाखवा ना. ती हात जोडायची, हसायची, मान हलवायची. म्हणून दाखवणार कशी? लोकांनी ठरवून टाकलं, पोरीला माज आलाय.

दुसऱ्या चित्रपटाच्या वेळी निर्माता माझ्याकडे आला. मी म्हटलं, या वेळी पडद्यावर माझं नाव हवं. तो बिचारा कळवळून म्हणाला, अहो बाई, नाव घातलं तर लोकांना कळेल ना, की आवाज तिचा नाही. मी म्हटलं, मग दुसरी बघा. त्याने दुसरी बघितली. त्या आवाजाने लोक बिथरले, आमची कांचन अशी बोलत नाही म्हणाले, आणि चित्रपट पडला. नाव मागितलं त्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. त्याची किंमत कुणी भरली, तेवढंच बोलायचं.

तिसऱ्या वेळी कांचन हट्टाला पेटली आणि स्वतः बोलली. पहिल्याच वाक्याला थिएटरात हशा पिकला, तो मध्यंतरापर्यंत थांबला नाही. चित्रपट दुःखाचा होता. त्यानंतर तिला नायिका कुणी केलं नाही. वहिनी झाली, नायिकेची मैत्रीण झाली, एकदा मुकी बाई झाली. हे शेवटचं तिने मला त्या दुपारी पाण्याचा पेला हातात धरून सांगितलं. "त्यात तुमची गरज लागली न्हाई," म्हणाली आणि खरंच हसली.

आता ती माझ्याकडे का आली होती? तर नाटकवाल्या रमाकांत सबनीसांनी तिला बोलावलं होतं. सबनीस म्हणजे त्या काळातलं मोठं नाव, आणि मोठं नाव असूनही माणूस बरा. नवं नाटक बसवत होते. गिरणगावात खानावळ चालवणाऱ्या बाईची गोष्ट, पहिल्या अंकापासून शेवटपर्यंत तीच रंगमंचावर. लेखकाचं लिहून संपत आलं होतं, सहा आठवड्यांनी पहिलं वाचन. कांचन त्यांच्या घरी जाऊन आली होती. ते बोलत होते, ही 'हो' आणि 'बरं' यापलीकडे तोंड उघडायला धजली नव्हती. वाचनात पसंत पडली तर काम तिचं.

"त्यांनी 'चाफेवाडी' बघितलाय," ती म्हणाली. "त्यांना वाटतंय मी तशीच बोलतो. नाटकात कोण लपून बोलणार माझ्यासाठी? माझं मलाच बोलायला पायजे. हे गेलं तर मी परत जाणार बाई, गावाकडं. आता अजून मला न्हाई बसवत वाट बघत."

तिच्याकडच्या बायका 'मी जातो, मी येतो' असंच म्हणतात. तिला ते मुंबईत आठ-नऊ वर्षं झाकता आलं नव्हतं.

मी हो म्हटलं. का म्हटलं असं तेव्हा कुणी विचारलं असतं, तर सांगितलं असतं की पोरीची दया आली. आली होतीच, ते खोटं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी दहाला यायची. पहिलाच नियम मी घातला, की गडहिंग्लज जिन्याखाली ठेवून वर यायचं. बसमध्ये कंडक्टरशी, बाजारात भाजीवालीशी, सगळ्यांशी नव्या आवाजातच बोलायचं. मी फार कडक मास्तरीण होते. आधी श्वास. ती छातीतून बोलायची, मी तिला पोटातून बोलायला लावलं. मग शब्दांचे शेवट. ती वाक्याच्या शेवटी आवाज खाली टाकून द्यायची, ओझं उतरवावं तसा. मी तिला तो अलगद ठेवायला शिकवलं. 'चाफेवाडी'तले संवाद मला पाठच होते. मी एक वाक्य म्हणायची, ती म्हणायची, पुन्हा मी, पुन्हा ती. चुकली की पहिल्यापासून.

आणि पोरगी चिवट. घसा बसला तर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करून पुन्हा उभी. दोन आठवड्यांत तिचा आवाज उंच झाला, तीन आठवड्यांत स्वच्छ. एकदा मी ओट्याशी असताना फोन वाजला, तो तिने घेतला. माझी नणंद होती. तिने कांचनशी पाच मिनिटं आपली वहिनीच आहे असं समजून गप्पा मारल्या, वर कोलंबीच्या खिचडीचं प्रमाणही विचारून घेतलं. कांचनने दडपून सांगितलं. फोन ठेवल्यावर आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. मला आठवतं, त्या दिवशी मी तिला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

आणखी एक आठवतं. एकदा ती आल्या आल्या म्हणाली, आईचा फोन आला होता शेजारच्यांकडे, पण मी दोनच वाक्यं बोलून ठेवून दिला. आईशी बोलायला लागलं की सगळं जुनं तोंडात येतं, मेहनत वाया जाते. हे ती मोठ्या अभिमानाने सांगत होती. मी तिच्या पाठीवर शाबासकीची थाप मारली.

चौथ्या आठवड्यात मी तिला आतल्या खोलीत कपाटाच्या आरशासमोर उभी करायला लागले. मी मागे खुर्चीवर. ती आरशात बघून बोलायची आणि मी डोळे मिटून ऐकायची, मग उघडून बघायची. मिटले की मी, उघडले की ती. तुम्हाला मी कशी दिसते ते ठाऊक नाही, म्हणून सांगते. मी चारचौघींसारखीही दिसत नाही, त्यांच्या मागे उभी राहते. तेविसाव्या वर्षी एका चित्रपटाच्या ऑफिसात मला सांगितलं होतं, बाई, तुमचा आवाज तेवढा ठेवून जा. सगळे हसले, मीही हसले. त्या आरशासमोर मी पहिल्यांदा सुंदर दिसले, बेचाळिसाव्या वर्षी, दुसरीच्या तोंडाने. कांचनला हे सांगणं शक्यच नव्हतं. मी तिला म्हणायची, अजून एकदा. ती बिचारी समजायची, काहीतरी चुकलं.

वाचन दादरला एका शाळेच्या हॉलमध्ये होतं, रविवारी सकाळी. शाळा बंद, बाकं भिंतीला सारलेली, मध्ये सतरंजी. कांचनने मला सोबत यायला लावलं होतं. मागे कुठेतरी बसा, म्हणाली, तुम्ही दिसलात की मला धीर येईल. पांढऱ्यावर निळ्या काठांची साडी नेसली होती, केस साधे बांधलेले. सबनीस मध्ये मांडी घालून बसले होते, आजूबाजूला पाच-सहा नट, सगळ्यांपुढे टंकलिखित प्रती. सबनीसांनी मला पाहिलं, मान हलवली. त्यांना वाटलं असेल, आली असेल अशीच.

वाचन सुरू झालं. नाटक चांगलं होतं, ते पहिल्या पानावरच कळत होतं. एका म्हाताऱ्या गिरणी कामगाराची चार वाक्यं झाली आणि कांचनची पाळी आली. तिने श्वास घेतला, पोटातून, जसा शिकवला तसा. आणि बोलली.

काय सांगू. एक अक्षर उणं नव्हतं. खानावळवाली बाई भाताच्या पातेल्यावरून हक्काने बोलत होती, शब्द मोत्यासारखे, शेवट अलगद ठेवलेला. दोन नटांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. हॉलमध्ये माझा आवाज घुमत होता आणि मी मागे बाकावर तोंड मिटून बसले होते.

सबनीसांनी मान वळवली आणि तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं. का बघितलं ते मला ठाऊक होतं. इतका वेळ मी एक गोष्ट सांगायची टाळली, ती आता सांगते.

या वाचनाच्या आधी दोन आठवडे सबनीस मला आकाशवाणीच्या कँटीनमध्ये भेटले होते. आमची ओळख जुनी. चहा पिता पिता नव्या नाटकाचं निघालं. कांचन चौगलेला घेतोय, म्हणाले. मी म्हटलं, वा, 'चाफेवाडी' पाहिलात वाटतं. तर ते म्हणाले, "चाफेवाडीत काय बघायचं? तिथे तूच बोलतेस. मी तिचा तो तिसरा पाहिला, पडलेला. लोक हसत होते आणि मला बसल्या जागी रडू येत होतं. प्रमिला, त्या आवाजात माती आहे. माझी खानावळवाली तिकडूनच आलेली आहे. मला तो आवाज हवाय, बाकी काही नको."

मी विचारलं, तिला हे सांगितलंत का? ते म्हणाले, नाही, आणि तूही कुणाजवळ बोलू नकोस. लिहूनही साध्या भाषेत घेतलंय. सांगितलं तर ती गावाकडची भाषा 'करायला' जाईल. मला केलेलं नको आहे. येईल, वाचेल, तिच्या तोंडात ते आपोआप वळेल.

कांचन माझ्याकडे रोज येते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. तिनेच मला शपथ घातली होती की कुणाला कळू देऊ नका. म्हणजे बघा, दोन्हीकडून माझं तोंड बांधलेलं. असं मी स्वतःला सांगितलं. पण मला तिला काहीच सांगायचं नव्हतं, नुसतं शिकवणं थांबवायचं होतं. पुरे झालं, आता घरी जा, आईशी पोटभर बोल, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. दुसऱ्या दिवशी दहाला ती आली, तेव्हा मी तिला पहिल्यांदा आरशासमोर उभी केली.

हे मी केलं. सबनीसांच्या बोलण्याने मला काय झोंबलं, तेही सांगून टाकते. माझ्या आवाजात माती नाही, हे मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलं होतं, आणि तेही तिचं कौतुक करताना.

तर हॉलमध्ये सबनीसांनी माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात त्यांना सगळं कळलं. मला वाटलं, आता हे बोलणार. पण ते कांचनकडे वळले आणि अगदी मऊपणाने म्हणाले, "कांचन, छान वाचलंस. आता हेच तुझ्या आवाजात वाच."

कांचन गोंधळली. तिने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं असेल, कुठेतरी शेवट खाली पडला. तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, आधीपेक्षाही नितळ.

"असं नाही गं. तू घरी बोलतेस तशी."

तिचा चेहरा उतरला. घरी बोलते तसं बोलल्यावर काय होतं, ते तिने थिएटरात बसून ऐकलेलं होतं. आणि समोर पाच-सहा नट बसलेले. तरी सबनीससर सांगताहेत म्हणून तिने धीर केला. तोंड उघडलं आणि त्यातून जे आलं ते ऐकून मी मान खाली घातली. ते तिचं नव्हतं आणि माझंही नव्हतं. जत्रेतल्या विनोदी फार्सात शहरातली नटी गावठी बाईचं सोंग आणते ना, तसं. 'व्हय' आणि 'न्हाय' नको तिथे ठोकलेले, गळा ओढून ताणून जाड केलेला. म्हाताऱ्या कामगाराचं काम करणारा नट खाली बघून हसला. कांचनने ते पाहिलं.

सबनीस म्हणाले, "नक्कल नको. साधं बोल."

तिने तिसऱ्यांदा करून पाहिलं. मध्येच माझा आवाज, मध्येच तो फार्सातला, एकाच वाक्यात दोन्ही. सबनीसांनी तिला पाणी दिलं, पाच मिनिटं थांबू या म्हणाले, तिला इकडचं तिकडचं विचारलं, म्हणजे बोलता बोलता खरा आवाज येईल. गाव कुठलं, घरी कोण कोण असतं. तिने सगळी उत्तरं माझ्या आवाजात दिली. ती घाबरली होती, आणि घाबरलेलं माणूस शिकवलेल्यालाच धरून बसतं. सबनीसांनी आणखी एक पान वाचून घेतलं, मग प्रत मिटली. दोन दिवसांत कळवतो, म्हणाले. नाटकातल्या कुठल्याही माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

कांचनने सगळ्यांना नमस्कार केला, चपला घातल्या आणि जिना उतरली. मी मागून निघाले. दाराशी सबनीस म्हणाले, "प्रमिला, तू हे काय केलंस?" मी थांबले नाही.

शाळेच्या पटांगणात मुलांना पाणी प्यायला ठेंगण्या नळांची रांग होती. कांचन तिथे उकिडवी बसून तोंड धुत होती. खूप वेळ धुत होती. मी जवळ जाऊन उभी राहिले. तिने नळ बंद केला, पदराने तोंड पुसलं आणि न उठता बोलायला लागली.

"न्हाई जमलं बाई. माझ्या आयची भाषा हाय ती, आन् मलाच न्हाई बोलाय आली. म्हणले नक्कल करू नको. मी कुणाची नक्कल करू? माझी मीच हाय की."

तो आवाज मी आठ वर्षांपूर्वी डबिंगच्या खोलीत, तिच्या त्या दोन दिवसांच्या टेपवर ऐकला होता, तेव्हा काचेपलीकडच्यांबरोबर मीही हसले होते. आज ऐकला आणि माझ्या अंगावर काटा आला. जाड, फाटका, रडण्याने भिजलेला, आणि एकेक शब्द असा, की त्या खानावळवाल्या बाईला दुसरा आवाज असूच शकत नाही. सबनीस थिएटरच्या अंधारात बसून ज्याला रडले होते, तो हाच. तो आता माझ्यासमोर मोकळा वाहत होता. गडहिंग्लज, आई, मळ्यातली वाट, इथे काढलेली आठ-नऊ वर्षं, सगळं ती त्या आवाजात बोलत होती, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

वरच्या मजल्यावर हॉलची खिडकी सताड उघडी होती. सबनीसांचा आवाज खाली ऐकू येत होता, ते नटांना काहीतरी समजावत होते. मी नुसती हाक मारायची. रमाकांत, खिडकीत या, ऐका. एवढंच. ती अजून दहा मिनिटं तशीच बोलत राहिली असती. काम तिचं झालं असतं, त्याच दिवशी, त्याच पटांगणात. मला हे तेव्हा कळत होतं. नंतर सुचलं असं म्हणायची सोय मला नाही.

मग तिने माझ्याकडे वर बघितलं.

"सबनीससरास्नी काय पायजे हुतं वो बाई? तुमी वळखता त्यास्नी. तुमास्नी तरी कळलं आसंल."

हाक मारली असती, तर मी तिला सहा आठवडे काय शिकवलं आणि का शिकवलं, तेही वरून खाली आलं असतं. मला तिच्या नजरेत मास्तरीण राहायचं होतं. आणि दुसरं एक, ते सांगायला सगळ्यात जड आहे. मला वाटलं, हिला चेहरा तर आहेच. आता आवाजही हिचाच चांगला निघाला, तर मग माझं काय राहिलं?

"कुणास ठाऊक, कांचन," मी म्हणाले. छान म्हणाले. माझ्यासारखं खोटं बोलायला वीस वर्षं माईकपुढे उभं राहावं लागतं.

तिने मान हलवली. माझ्यावर तिचा एवढा विश्वास होता, की तो प्रश्न तिच्यापुरता तिथे मिटला. ती उठली, पाया पडली. हात ओले होते, माझ्या पायांना पाणी लागलं.

"तुमी लई केलासा माझ्यासाठी," ती म्हणाली. "कमी माझ्यातच हाय."

त्याच आठवड्यात ती गडहिंग्लजला गेली, ती परत मुंबईला आली नाही. नाटक दुसरीला घेऊन झालं, बरं चाललं. कांचनने तिकडे लग्न केलं नाही, एका शाळेत मुलांना गोष्टी सांगायची असं कानावर आलं. दर दिवाळीला मला तिचं कार्ड यायचं. खाली लिहिलेलं असायचं, 'आपली विद्यार्थिनी'. मी ती कार्डं कपाटात तळाशी ठेवायची. दरवर्षी ठरवायची, या वर्षी लिहायचं. सबनीस गेले, आमचे हे गेले, तरी ठरवतच राहिले. मी ऐंशीची कधी झाले कळलं नाही.

परवा पेपरात चार ओळी आल्या. आपल्या मधुर आवाजाने एके काळी रसिकांच्या मनात घर करणाऱ्या अभिनेत्री कांचन चौगले यांचे अल्पशा आजाराने निधन. वाचकांची पत्रं कुठे पाठवायची तो पत्ता त्याच पानावर खाली छापलेला होता. मी कागद घेतला, तो तेवढी एक चूक दुरुस्त करायला म्हणून. लिहायचं होतं, की तो मधुर आवाज तिचा नव्हता, तिचा होता तो याहून मोठा होता, आणि तो मी ऐकला आहे. चार ओळींत बसेल असं वाटलं होतं. लिहिता लिहिता हे एवढं झालं. आता ते पेपरात छापून आलं काय आणि न आलं काय. ज्या एकीला हे सांगायला हवं होतं, ती शेवटपर्यंत समजत राहिली की कमी तिच्यातच होती.